लिऊ डॉक्टरांचे दात

८ ऑक्टो. ९८
डॉ. आज दवाखान्यात आलेच नाहीत. दुपारी मीच आत गेलो. लॅबचं मागचं दार उघडलं की त्यांचं घर. पलंगावर उशीला टेकून बसलेले, छातीत घरघर. खालची कवळी काढून माझ्या हातात दिली. मधोमध चीर. चौऱ्याण्णवला मीच करून दिलेली.
"यशवंत, शनिवारी सकाळी कॅनडाहून लिलीचा फोन आहे. त्याच्या आत दे."
तोंडावर हात धरून बोलत होते. चाळीस वर्षं लोकांची तोंडं बघितली, पण स्वतः बिनदातांचे बायकोसमोर, आंटीसमोरसुद्धा बसत नाहीत.
तासाभराचं काम. उद्या करतो.

९ ऑक्टो.
साफ करताना कवळीचे हातातच दोन तुकडे झाले. बरंच झालं, आता जोड पक्का बसेल. तेवढ्यात कमल दारात. येवल्याला साडूच्या मुलीचा साखरपुडा, विसरलोच होतो. चारची एसटी. तुकडे रुमालात गुंडाळून खणात ठेवले. उद्या पहिल्या गाडीने परत.

१० ऑक्टो.
आज शनिवार, आणि परत यायला संध्याकाळचे सात झाले. साडूने सोडलं नाही असं कमलला म्हणालो. खरं म्हणजे पत्ते रंगले होते.
डॉ.कडे गेलो नाही. काय तोंड घेऊन जाऊ. उद्या सकाळी आधी दात.

११ ऑक्टो.
डॉ. गेले. पहाटे, झोपेतच.
आंटी त्यांना कोट घालत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तोंड बघ कसा झाला. दात कुठे, यशवंत?"
मी म्हणालो, नाशिकला एकाकडे पॉलिशला दिले होते, त्याच्याकडून हरवले.
का म्हणालो? खण तीन पावलांवर होता. पण रुमालात दोन तुकडे जसेच्या तसे, हातही न लावलेले. ते त्यांच्यासमोर उघडायचे? नाही झालं.
आंटींनी मान हलवली. गालांच्या आत थोडा कापूस घातला. तरी डॉ. दुसराच कोणी म्हातारा वाटत होते.

१२ ऑक्टो.
कॅम्पच्या ख्रिश्चन कब्रस्तानात अगदी कडेला चार चिनी कबरी आहेत. पाचवी डॉ.ची. माणसं पंधराएक. माझे वडील, आप्पाही काठी टेकत आले. माती टाकली, म्हणाले, "चांगला माणूस व्हता."
घरी आल्यावर आंटींनी सांगितलं. शनिवारी लिलीचा फोन आला. डॉ.नी रिसीव्हर कानाला लावला, तोंडावर हात ठेवला आणि बोललेच नाहीत. ती तिकडून पप्पा पप्पा करत होती. तिला फक्त श्वास ऐकू आला.

१४ ऑक्टो.
विहारात गर्दी. उभं राहून सगळ्यांबरोबर बावीस प्रतिज्ञा म्हटल्या. पाठच आहेत. ओठ आपोआप हलतात.

२४ ऑक्टो.
लिहू की नको.
दु. ३ ला पॉलिशच्या बफची मोटर बंद केली आणि वळलो. खिडकीजवळच्या स्टुलावर डॉ. बसलेले. बनियन, पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा. तोंडावर हात. ऊन अंगावर पडलेलं, उन्हात प्लास्टरची धूळ. रागावलेले नव्हते. फोनची वाट बघत बसावं तसे.
मी खाली पाहिलं. वर पाहिलं तर स्टूल रिकामं.
ऊन फार होतं. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

२६ ऑक्टो.
चौऱ्याहत्तरला मी एकोणीस वर्षांचा. दवाखाना झाडायला ठेवलं होतं. सहा महिन्यांत डॉ.नी मेण हातात दिलं. माझी पहिली पूर्ण कवळी एका किराणा दुकानदाराची. त्याने विचारलं कोणी केली, डॉ.नी माझं नाव सांगितलं, आडनावासकट. दुकानदाराने कवळी टेबलावर परत ठेवली. आमच्या माणसाच्या हातचं तोंडात कसं घालायचं? डॉ. म्हणाले, "मग हिरड्यांनी खा," आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. पंधरा दिवसांनी दुकानदार आला आणि मुकाट्याने घेऊन गेला.
त्या डॉ.ना मी बिनदातांचं पाठवलं.

३१ ऑक्टो.
आज आंटींनी बोलावून बसवलं. समोर त्यांचं ते लाल टेबल. मधे पांढऱ्या वस्त्रातली त्यांची देवी क्वान यिन, बाजूला डॉ.च्या आईवडलांचे फोटो, आता डॉ.चाही. संत्री, भाताची वाटी, चहाचा कप.
सात आठवडे दर सातव्या दिवशी मेलेल्याला जेवण ठेवायचं, असं त्यांच्यात आहे. उदबत्ती मुलाने धरायची. मुलगा नाही, लिली येऊ शकत नाही. "तू धर. चोवीस वर्ष त्याच्याजवळ बसला. आपण दोघं बुद्धिस्टच ना?"
विचार करतो, म्हणालो.
मग म्हणाल्या, "तो रोज येतो स्वप्नात. दारात उभा राहतो. मी ताट ठेवते, तो खात नाही. का खात नाही, यशवंत?"
चहा सांडला माझ्या हातून.
बासष्टला चीनशी युद्ध झालं तेव्हा डॉ.ना चिनी म्हणून पोलिसांनी उचलून दूरच्या छावणीत नेलं, तीन वर्षं ठेवलं. त्याच काळात त्यांचे वडील इथे वारले. त्यांना कोणी जेवण ठेवलं नाही, म्हणून डॉ. आयुष्यभर हळहळले. आंटींना भीती की आता डॉ.चंही तसंच होणार. ज्याला कोणी देत नाही तो भुकेलाच फिरतो, म्हणाल्या.

१ नोव्हें.
आप्पांना सरळ विचारलं नाही, आडून विचारलं. एखाद्याच्या घरच्यांनी फारच आग्रह केला तर?
"श्राद्ध हाय ते. नाव बदललं म्हणून काय झालं?"
आप्पा एकवीस वर्षांचे असताना धम्मात आले. दीक्षा घेऊन परत आले ते आधी दारणेवर गेले. देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले, त्यांच्या बापाचाही. आजी किनाऱ्यावर बसून रडत होती म्हणतात.
आज पुन्हा सांगितलं. मला शंभरदा सांगून झालंय, तरी. "गावात कुनी मेलं का सांगावा घेऊन उन्हातान्हात आमी जायचं. आन् तेराव्याचं उष्टं आमच्या पदरात. मी खाल्लंय ते. लय गोड लागायचं. म्हणून तर लाज वाटती."


१५ नोव्हें.
भन्तेंकडे गेलो. लेण्यांवरून नुकतेच उतरले होते, विहाराच्या पायरीवर पाय चोळत बसलेले. सगळं सांगितलं. म्हणजे कवळीचं सोडून सगळं.
मी विचारलं, आपल्यात भूत आहे की नाही?
म्हणाले, जुन्या पाली गाथांमध्ये प्रेत आहेत, म्हणजे मेलेल्यांचे भुकेले जीव. घराबाहेर, भिंतीपाशी, चौकात उभे राहतात, आपल्याच माणसांची वाट बघत. त्यांच्या नावाने भुकेल्याला दान द्यावं आणि ते पुण्य त्यांना वाहावं, असं सांगितलंय. आपले लोक ते मानत नाहीत, मी आग्रह धरत नाही.
मग मलाच विचारलं, "ते दिसले तेव्हा भीती वाटली?"
"नाही."
"मग काय वाटलं?"
मी चप्पल घालायला लागलो. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "घाई नाही. सांगावंसं वाटेल तेव्हा या."

२८ नोव्हें.
एकोणपन्नासावा दिवस. गेलो. हात मागे बांधून दारापाशी उभा राहिलो, विहारातले कोणी बघत असल्यासारखा. आंटींनी वाट पाहिली. मग स्वतःच उदबत्त्या धरल्या. राख मनगटावर पडली. त्यांनी झटकलीसुद्धा नाही.
दु. ३. स्टुलावर डॉ. या वेळी हात खाली होता. तोंड उघडलं. काहीतरी सांगायचं होतं, नुसती हवा आली. फूऽ. लिलीने फोनवर हेच ऐकलं असणार.
मी म्हणालो, "डॉक्टर, चुकलो." मोठ्याने म्हणालो. पुढच्या खोलीत कवळी दुरुस्तीला घेऊन आलेल्या बाईने डोकावून पाहिलं.

१९ डिसें.
आज पुन्हा. पाचव्यांदा. जेवण जात नाही. दुपारी काहीतरी दिसतं एवढंच कमलला म्हणालो, तर म्हणते डोळे तपासून घ्या. तिला तरी काय सांगू? पत्त्यांचं आधी सांगावं लागेल.

१७ जाने. ९९
आप्पांना सांगितलं. अंगणात दाढी करत होते. मी आरसा धरून बसलो होतो. डॉ. दिसतात, म्हणालो.
"भूतबित काय नसतंय." वस्तरा चालूच. मग थांबला. "काय केलंस तू?"
त्यांना कसं कळलं कोण जाणे. सगळं सांगून टाकलं. चीर, येवला, पत्ते, खण, रुमाल, हरवले म्हणालो ते.
 गालावरचा फेस वाळला. मग म्हणाले, "उदबत्ती धरायची का नाय म्हणून तीन महिनं झोप नाय तुला. श्राद्ध करणार नाय ही प्रतिज्ञा चांगली ध्यानात हाय. खोटं बोलणार नाय, ही कुनी घेतली व्हती? शेजाऱ्यानं?"
मी चव्वेचाळीस वर्षांचा. थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

२० फेब्रु.
चिनी नवं वर्ष होऊन जाऊ दिलं. तेवढं तरी बरं जावं त्यांचं. हीसुद्धा पळवाटच.
आज रुमाल नेऊन आंटींच्या समोर उघडला. सांगितलं.
तुकडे त्यांनी जुळवून बघितले. एकदा, दोनदा. म्हणाल्या, "कितना टाइम लागतो हा जोडायला?"
"एक तास."
"एक तास."
मग म्हणाल्या, "मी त्याला ओरडले. शनिवारी. बोल ना, मुलगी रडतेय, बोल ना. तो नाही बोलला म्हणून मी ओरडले."
रडल्या नाहीत. हात पुढे केला. "चावी दे."
लॅबची चावी दिली. चोवीस वर्षं खिशात होती.

६ मार्च
पंचवटीत एका डॉक्टरांकडे कामाला जातो. खुर्ची चांगली, उजेड चांगला. दु. ३ ला कोणी येत नाही. मला वाटलं होतं सांगितलं की हलकं वाटेल. नाही वाटत. आंटी डॉ.वर ओरडल्या ते ऐकलं, त्याचं ओझं आता माझ्याकडे आलं.
भन्तेंकडे जाऊन उरलेलं सांगितलं. त्यांनी ऐकलं. चहा पाजला.

१४ मार्च
आंटींचा निरोप, येऊन जा. गेलो. उभ्यानेच बोलल्या.
"छिंगमिंगला कबर साफ करतो आपण. पाच एप्रिल. तेव्हा त्याला दात द्यायचा. जुना तुटलेला नको. नवीन कर. वरचा खालचा, पूर्ण." चावी टेबलावर ठेवली, हातात नाही दिली. "हा काम आहे. पूजा नाही. काम करशील ना?"
हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

२७ मार्च
डॉ.च्या जबड्याचे प्लास्टरचे साचे फळीवर होते. त्यावर आठ दिवस काम चाललंय. पंचवटीहून सुटलो की इकडे. दात एकेक निवडून लावले. फार पांढरे नाहीत, त्यांना आवडायचे नाहीत. "म्हाताऱ्याच्या तोंडात नवरीचे दात बसवू नको," म्हणायचे. पुढचा डावा दात किंचित तिरपा ठेवला, त्यांचा खरा होता तसा.
स्टूल रिकामं. आठही दिवस रिकामं. मी मात्र मधे मधे बोलत होतो. हे बघा डॉक्टर, चावा बरोबर बसतोय.
इतकं चांगलं काम हातून झालेलं नाही. कुणाच्या तोंडात जाणार नाही म्हणून, की जाणार म्हणून?

५ एप्रिल
सकाळी निघताना आप्पा चप्पल घालून तयार. "मी बी येतो. बघतो काय करतो ते."
कब्रस्तानाच्या फाटकाशीच थांबले. आत नाही आले.
आंटींनी गवत उपटलं, मी पाणी ओतून दगड घासला. त्यांनी भात, उकडलेलं कोंबडं, संत्री मांडली. डॉ.ना तिकडे पोचावा म्हणून कागदाचा एक कोट आणि पायजमा जाळला, स्वतः कापून चिकटवलेला. मग मला खूण केली. उशाशी हाताने माती उकरली. कवळी पांढऱ्या फडक्यात होती. आंटींनी फडकं उघडून नीट पाहिली. डाव्या दातावर बोट फिरवलं. "हा वाकडा."
"त्यांचा तसाच होता."
"माहीत आहे मला," म्हणाल्या, आणि तेव्हा रडल्या. सहा महिन्यांत पहिल्यांदा माझ्यासमोर.
माती लोटली. त्यांनी तीन उदबत्त्या लावून तीनदा वाकून नमस्कार केला. मला काही म्हणाल्या नाहीत. उदबत्त्या मातीत खोचल्या, बाजूला झाल्या.
मी वाकलो. तीनदा. विहारात वाकतो तसाच की वेगळा, कळलं नाही. उठलो आणि फाटकाकडे पाहिलं. आप्पा बघत होते.
 जेवताना माझ्याकडे पाठ करून बसले.

३० एप्रिल
बुद्धपौर्णिमा. आप्पा विहारात बरोबर आले, पण पुढच्या रांगेत जाऊन बसले, एकटे. पंचविसाव्या दिवशीही अबोला. भन्तेंनी दोघांकडे पाहिलं. संध्याकाळी सरकारी दवाखान्याबाहेर डॉ.च्या नावाने खीर वाटली. भन्तेंनी सांगितलं होतं तसं. हे आप्पांना चाललं. पातेल्याची एक बाजू त्यांनी धरली.

१२ जून
आंटींनी पुन्हा लॅब दिली. पंचवटी सोडली. डॉ. नंतर दिसलेले नाहीत. चांगलंच आहे.
तरी दुपारी मोटर बंद केली की मी लगेच वळत नाही. थोडा वेळ देतो.

२२ जुलै
लिली आंटींना न्यायला येणार. ऑगस्टमध्ये. दवाखाना एका डॉक्टरीणबाईंना, लॅब माझ्याकडेच. आंटी बॅगा भरतायत, लाल टेबल कुणाला द्यावं विचारतायत.
क्वान यिन नेणार, सासूसासऱ्यांचे फोटो नेणार. डॉ.च्या नावाची लाकडी पाटी मात्र नाही. हातभर उंच, उभी, त्यावर सोनेरी चिनी अक्षरं. कलकत्त्याहून करून आणली.
"तो इथं पुरलाय. पाटी तिकडे नेली तर तो येणार कसा? तीन वेळा अर्ज केला, त्याला कधी पासपोर्टच नाही दिला. जिवंत असताना नाही सोडला, आता कसा येईल?"
मग, "तू ठेव. आमच्या सातव्या महिन्यात मेलेला घरी येतो, तेव्हा रोज एक उदबत्ती, एक कप चहा. बस. बाकी वर्ष नाही केलं तरी चालेल."
हो म्हणालो. या वेळी विचार करतो असं नाही म्हणालो. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "खरं?"
"खरं."

९ ऑगस्ट
आंटी गेल्या. टॅक्सीत बसताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. लिलीने विचारलं, पप्पांचे दात तुम्हीच केले ना, शेवटचे? हो म्हणालो. तिला सगळं माहीत आहे की नाही, तिच्या चेहऱ्यावरून कळेना.
पाटी लॅबमध्ये, मेणाच्या डब्यांच्या वरच्या फळीवर.

११ ऑगस्ट
सातवा महिना सुरू. चहा ठेवला. उदबत्ती लावायला काडी ओढली आणि दारात आप्पा. या वयात एवढं लांब चालत आले, कमलने सांगितलं असणार. काडी बोटाला भाजेपर्यंत धरून राहिलो.
पाटीसमोर उभे राहिले. "काय लिवलंय?"
"नाव. लिऊ, पुढचं पूर्ण नाव. आणि जन्मगाव."
"कुठलं गाव?"
सांगितलं. त्यांना म्हणता आलं नाही, मलाही धड येत नाही.
बराच वेळ बघत होते. चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं. म्हणाले, "माझ्या बापाचा टाक टाकला तवा त्यावर नाव नव्हतं. नुसता घोड्यावर बसलेला मानूस. नाव असतं तर..." 
पायरी उतरताना म्हणाले, "पाटी राहू दे. चहा बी ठेव, जित्या मानसाला बी देतो आपन. उदबत्ती नाय. माझ्या जित्या डोळ्यादेखत नाय, आन् मी मेल्यावर मला तर मुळीच नाय. शब्द दे."
दिला. काय करणार, पायरीवर उभे होते, धापा टाकत होते.

१४ ऑगस्ट
चार दिवस झाले. चहा ठेवतो. थंड झाला की मोगऱ्याच्या कुंडीत ओततो. उदबत्तीचा पुडा तसाच आहे. आंटींना दिलेला शब्द पहिला, आप्पांना दिलेला दुसरा. दोन्ही खरे दिले.
भन्तेंना विचारलं. म्हणाले, डॉक्टरांना उदबत्ती लागत नाही. मग म्हणाले, पण बाईंना लागत असेल.
उद्या रविवार. सकाळी नऊला कॅनडाहून फोन येणार, आंटींनी निघतानाच सांगितलं होतं. लॅबच्याच नंबरवर. तब्येत विचारतील, पाऊस विचारतील, मग विचारतील, लावतोस ना रोज?
हो म्हणणं फार सोपं आहे. एवढ्या लांबून वास थोडाच येतो.